समुद्रतारेच्या दरांच्या फायली पाहायच्यात? अर्ज भरण्याआधी हे वाचा

लंडनहून मुंबई, सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या तारेला शब्दामागे किती शिलिंग घ्यायचे, यावर एकोणिसाव्या शतकात वसाहतींची सरकारं आणि केबल कंपन्या वर्षानुवर्षं घासाघीस करत होत्या. या विषयावर काम करणारे बरेच विद्यार्थी पहिल्या फेरीत रिकाम्या हातांनी परततात. कागद असतात, पण अर्ज चुकीच्या दारी गेलेला असतो.

१८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे केबल मुंबईला लागली, म्हणून सगळे आधी मुंबईच्या पुराभिलेखागाराकडे धावतात. फोर्टातला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला तो संग्रह मोलाचा आहे, पण तो मुंबई प्रांताचा. तारखातं मुंबई सरकारच्या हातात नव्हतं. ते हिंदुस्थान सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होतं आणि १९०५ पासून वाणिज्य व उद्योग खात्याकडे गेलं. म्हणून मुख्य कागद दिल्लीला, राष्ट्रीय अभिलेखागारात. आणि लंडनच्या बाजूचा पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याच्या दप्तरात.

दिल्लीच्या अभिलेखागारात भारतीय नागरिकाला ओळखपत्र आणि संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र जवळ असलं की फारशी अडचण येत नाही. अडतात ते परदेशी पासपोर्टवाले. त्यांना आपल्या संस्थेच्या पत्रासोबत आपल्या देशाच्या भारतातल्या दूतावासाचंही पत्र लागतं. पुण्यात आई-वडील, हातात ओसीआय कार्ड, बोलणं अस्सल मराठी. तरी ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येऊन हे पत्र मागायला निघालात तर सुट्टी त्यातच संपेल. तिकीट काढण्याआधी पत्राच्या मागे लागा.

आता सगळ्यात जास्त जिथे गाडी रुतते ते: विषयाचा रकाना. ‘ब्रिटिशकालीन तारव्यवस्था’ एवढंच लिहिलंत तर समोरचा कर्मचारी तुम्हाला काय काढून देणार? खातं, शाखा, वर्ष, महिना आणि प्रोसीडिंगचा, म्हणजे खात्यात निकाली निघालेल्या प्रकरणाच्या नोंदीचा क्रमांक लिहावा लागतो. तो अनुक्रमणिकेत किंवा राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो. नोंदणी फुकट आहे आणि काही फायली तिथेच वाचताही येतात. शोधताना नुसतं ‘केबल रेट’ टाकून थांबू नका. ‘टॅरिफ’, ‘ट्रान्झिट’, ‘जॉइंट पर्स’, ‘ईस्टर्न एक्स्टेन्शन’ (मद्रासपासून पुढे ऑस्ट्रेलियापर्यंतची केबल चालवणारी कंपनी) हे शब्दही इंग्रजीत टाकून बघा.

या शब्दांमागचा व्यवहार कळला की शोध सोपा होतो. १८७५ च्या सेंट पीटर्सबर्ग करारानंतर तारेचा दर म्हणजे तुकड्यांची बेरीज असे: दोन टोकांच्या प्रशासनांचा टर्मिनल वाटा आणि मधल्या प्रत्येकाचा ट्रान्झिट वाटा. ऑस्ट्रेलियाची तार मुंबईत उतरून जमिनीवरून मद्रासला जाई आणि तिथून पुन्हा समुद्रात शिरे, म्हणजे हिंदुस्थानचा वाटा त्यात आलाच. युरोप-हिंदुस्थान वाहतुकीचं उत्पन्न तर १८७८ पासून सरकारचं इंडो-युरोपियन तारखातं आणि दोन कंपन्या यांच्या सामाईक थैलीत पडे. हीच ‘जॉइंट पर्स’. एकानं दर उतरवायचा म्हटला की बाकीच्यांची संमती घेणं आलं. हिंदुस्थानचा शब्दामागे चार शिलिंगांचा दर अडीचवर यायला १९०२ उजाडलं, ते असंच.

तारखांचा घोळही इथेच होतो. १ मे १८९१ पासून ऑस्ट्रेलियाचा दर शब्दामागे ९ शिलिंग ४ पेन्सवरून ४ शिलिंगांवर आला. ईस्टर्न एक्स्टेन्शनचा निम्मा तोटा सहभागी वसाहतींनी भरून द्यायचा, अशी अट होती. क्वीन्सलँड सुरुवातीला बाहेरच राहिलं. तोटा अंगावर आला आणि १८९३ मध्ये दर ४ शिलिंग ९ पेन्स झाला. आता अर्जात फक्त १८९१ लिहिलंत तर दर लागू झाल्याचे कागद मिळतील, वाटाघाटी निसटतील. त्या आधीच्या वर्षांत आहेत. उलटही होतं. पत्र १८९० च्या शेवटचं असतं, पण प्रकरण निकाली निघून प्रोसीडिंग्जमध्ये लागतं पुढच्या वर्षी. पत्राच्या तारखेवर जाऊ नका, दोन्ही बाजूंनी वर्षभराची मोकळीक ठेवा.

फाईल हातात आली की ‘के. डब्ल्यू.’ शिक्क्याचे कागद चुकवू नका. ‘कीप विथ’, म्हणजे मूळ प्रकरणासोबत ठेवायचे शेरे. छापील पत्रात सरकार गोड बोलतं. खरं मत या शेऱ्यांत सापडतं.

एका अभिलेखागारात एका मुलीची मागणीचिठ्ठी दोन दिवसांनी परत आली, वर दोनच अक्षरं: ‘एन. टी.’. तिला वाटलं परवानगी नाकारली. बिचारी हिरमुसून गावी निघाली होती. कोणीतरी अर्धं मिनिट काढून सांगायला काय हरकत होती? त्याचा अर्थ ‘नॉट ट्रान्सफर्ड’, म्हणजे ती फाईल खात्याकडून इथे आलेलीच नाही. ‘ब्रिटल’ असा शेरा आला तर कागद ठिसूळ झालाय, हात लावू देणार नाहीत. दोन्ही वेळा मायक्रोफिल्म किंवा डिजिटल प्रत आहे का ते विचारा. आणि चिठ्ठीवरचा क्रमांक जपून ठेवा. ‘ए’ वर्गाच्या, म्हणजे महत्त्वाच्या प्रोसीडिंग्ज छापून लंडनला जात, त्यामुळे त्याच महिन्याचा खंड ब्रिटिश लायब्ररीत ‘पी’ मालिकेत मिळू शकतो. तिथल्या वाचक-पाससाठी पत्त्याचा आणि सहीचा पुरावा मागतात. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर सध्याचे नियम पाहून घ्या.