पेशीची घरगुती प्रतिकृती

एरवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशी आणि तिच्यातली अंगके (आतले वेगवेगळी कामे करणारे छोटे भाग) कणीक, कडधान्ये, माती, रद्दी अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून मोठी करून दाखवली, की ती पेशीची घरगुती प्रतिकृती. शाळेत हा शब्द कोणी वापरत नाही; तिथे ते ‘पेशीचं मॉडेल’. राज्य मंडळाच्या आठवीच्या विज्ञानात पेशीअंगके येतात. मराठवाड्यातल्या तालुक्यांत हिवाळी विज्ञान प्रदर्शने आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला, की घरोघरी डाळींचे डबे धुंडाळले जातात.

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात पाहिलेले कप्पे म्हणजे मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. पेशीचा कारभार चालवणाऱ्या केंद्रकाला नाव दिले रॉबर्ट ब्राउनने, १८३१ मध्ये. वनस्पती आणि प्राणी पेशींचेच बनलेले असतात, हे श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये मांडले. मॉडेल करणारी मुले हूकच्या उलट्या टोकाला जातात. आतला ऐवज हौसेने मांडतात आणि भिंतीला रंगाची एक रेघ ओढून मोकळी होतात.

सजावटीच्या थर्माकोलवर राज्याने २०१८ मध्ये बंदी आणली, तेव्हापासून पाया कशाचा करायचा हा पहिला प्रश्न असतो. काळी माती फुकट मिळते, पण दगा देते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला पडतात तशा भेगा चार दिवसांत मॉडेललाही पडतात, आणि हमखास केंद्रकातून जातात. चाळलेल्या मातीत बारीक भुसा मळला तर त्या कमी होतात. कणीक चांगली वळते. दोन वाट्या पिठाला एक वाटी मीठ घालावे. मिठात काटकसर केली तर बुरशी येते, आणि रात्रीतून उंदीर गॉल्गी पिंड (पेशीत बनलेले पदार्थ बांधून पाठवणारे अंगक) पळवतो. टिकाऊ काम लगद्याचे. रद्दी दोन दिवस भिजवून कुटायची, त्यात भिजवलेल्या मेथ्यांचे वाटण मळायचे, पालथ्या पातेल्यावर थापायचे आणि वाळू द्यायचे. लगद्याच्या टोपल्या केलेल्या आज्यांना ही रीत सांगावी लागत नाही. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो.

कोणत्या अंगकासाठी कोणता दाणा, हे मुलांना पाठ असते. मापाचा विचार मात्र क्वचितच होतो. परीक्षकांनी ‘हे किती पट मोठं केलंस?’ विचारले, की पोरगं सरांकडे बघतं. हिशोब खरे तर सोपा आहे. २० मायक्रोमीटरची (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्राणिपेशी १०,००० पट मोठी केली तर २० सेंटिमीटरची होते, म्हणजे भाकरीएवढी रुंद. मग ६ मायक्रोमीटरचे केंद्रक ६ सेंटिमीटरचे होईल. जालन्याची बेताची मोसंबी घ्यावी. पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका एक मायक्रोमीटरच्या आतबाहेर जाड आणि त्याहून थोडी लांब, तिच्या जागी शेंगदाणा चपखल बसतो. प्रथिने बनवणारा २५ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) रायबोझोम पाव मिलिमीटरचा होतो. त्यासाठी लावतात ती खसखस मोठी पडते, बारीक रवा बरा. आणि प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीभोवतीचे पातळ आवरण? साडेसात नॅनोमीटर जाडीचे पटल या मापाने ०.०७५ मिलिमीटर, वहीच्या कागदाहून पातळ. कणकेचे बोटभर जाड कडे करून त्याला पटल म्हणणारी मॉडेले या हिशोबात कुठेच बसत नाहीत.

वनस्पतिपेशीसाठी बुटाचे खोके घेतात. सोय होते, पण खोके चुकीचे शिकवते: ते पाण्यावाचून ताठ उभे राहते, कोवळे पान राहत नाही. त्यापेक्षा जुन्या धोतराची लहान पिशवी शिवावी, आत फुगा घालून तो पाण्याने गच्च भरावा आणि तोंड बांधावे. कापड ही पेशीभित्तिका, फुगा हे पटल, पाणी ही रिक्तिका, म्हणजे पेशीतली रसाची पिशवी. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीत ती ८० ते ९० टक्के जागाही व्यापू शकते, आणि बहुतेक मॉडेलांत तिला सुपारीएवढी जागा मिळते. (रिक्तिकेचे स्वतःचे पटल दाखवायला फुग्यात फुगा घालावा लागतो. तो बहुधा फुटतो.) भरलेली पिशवी दाबून पाहिली तर टणक लागते. थोडे पाणी सोडले, की लोळागोळा. भर दुपारी माना टाकलेल्या कपाशीत हेच झालेले असते. मुळे ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडते.

कांद्याच्या पापुद्र्याची पेशी म्हणून मांडलेल्या मॉडेलात हिरवे मूग चिकटवलेले दिसतात. पापुद्र्यात हरितलवके, म्हणजे उन्हात अन्न बनवणारी हिरवी अंगके, नसतात.

पिशवी सुती असण्यात आणखी एक योग आहे. पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजची असते, आणि कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. सरकीवरचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते: बीच्या सालीवरून वाढलेली, जाडीला २० मायक्रोमीटरच्या आसपास आणि लांबीला अडीच-तीन सेंटिमीटर. वेचणीच्या दिवसांत वर्गात एक बोंड आणावे, एक तंतू अलगद सोडवून काळ्या कागदावर ठेवावा; पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसते. वरच्याच मापाने तिचे मॉडेल करायचे तर ते भाकरीएवढे रुंद आणि ३०० मीटर लांब होईल.