मुखवट्यातला ‘मी’ आणि रेडिओवरचा आवाज

स्वतःच्या फजितीच्या गोष्टी सांगणारे पॉडकास्ट आता मराठीतही निघालेत. ते करणाऱ्यांना विचारलं, हे वेड कुठून लागलं, की पुष्कळदा अमेरिकेचं नाव निघतं. त्यात खोटं काही नाही. १९९२ च्या नाताळाच्या तोंडावर डेव्हिड सेडारिस नावाच्या लेखकाने न्यूयॉर्कमधल्या एका बड्या दुकानात सांताक्लॉजचा मदतनीस म्हणून केलेल्या नोकरीची हकिगत तिथल्या सार्वजनिक रेडिओवर वाचली आणि त्याचं नाव झालं. पण आपल्याकडे ही वाट त्याच्या कितीतरी आधी मळलेली होती.

१९०२ साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात विनोदी लेख लिहू लागले. पेशाने वकील, रोख रूढींवर, वाक्यं लांबलचक. आज मोठ्याने वाचायला घ्या, दम लागतो. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी विनोदी लेखांपुरते ‘बाळकराम’ झाले. बडोद्यात पाली भाषा शिकवणारे चिं. वि. जोशी चिमणराव या आपल्या पात्राच्या तोंडून बोलू लागले. गंमत अशी, की स्वतःवर हसायचं तर आमच्या लेखकांना आधी दुसऱ्याचं नाव घ्यावं लागे. फजिती व्हायची ती चिमणरावाची. प्राध्यापक जोशी नामानिराळे.

मुखवटा लागला नाही तो लक्ष्मीबाई टिळकांना. १९३४ पासून त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने येऊ लागल्या तेव्हा त्यांची साठी उलटली होती. शाळा अशी झालेलीच नव्हती, त्यामुळे लिहिणं बोलण्यासारखंच. बाहेरून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावणारे सोवळे वडील त्या ज्या शांतपणे सांगतात, त्यात ना तक्रार आहे ना शेरा. मीठ धुतल्यावर उरणार काय, ते वाचणाऱ्याने आपलं आपण पाहावं. मला विचाराल तर मराठीतलं स्वतःबद्दलच्या गोष्टी सांगणं खरं इथून सुरू होतं, कोल्हटकरांपासून नव्हे.

मग रेडिओ आला. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ चं, पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं. रेडिओवरचं भाषण म्हणजे मिनिटं मोजून दिलेली आणि संहिता आधी लिहून द्यायची. कागद टाचलेले नकोत, पान उलटल्याची सळसळ माइक पकडतो. वाचून झालेलं पान हलकेच बाजूला सरकवायचं. सभेत हजार माणसं समोर असतात, एकाच्या हशाने दुसरा हसतो. इथे समोर काचेपलीकडचा एक माणूस, आणि कुठेतरी तांदूळ निवडत बसलेली एखादी बाई. तिला कंटाळा आला की बटण फिरवायचा अवकाश! लांब वाक्यं तिथे टिकत नाहीत. शिवाय निवेदक तुमचं नाव सांगून मोकळा झालेला असतो. त्यानंतर स्वतःच्या आवाजात ‘मी’ म्हणायचं, तर मुखवटा धरणार कुठे?

१९५५ मध्ये पु. ल. देशपांडे पुणे आकाशवाणीवर नोकरीला लागले. त्याच वर्षी, त्याच केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं आणि लोकांना ठरल्या वेळी रेडिओपाशी बसायची सवय लागली. पुलं लिहीत होते आधीपासूनच. पण पुढे १९५८ मध्ये पुस्तकात आलेली ‘बटाट्याची चाळ’ १९६१ मध्ये त्यांनी एकट्याने रंगमंचावर उभी केली, तिच्यामागे माइकसमोरची ती वर्षं आहेत असं मला वाटतं. मुखवटा त्यांनीही पुरता टाकला नाही. ‘असा मी असामी’तला कारकून धोंडो भिकाजी जोशीच आहे. फक्त आता आवाज ओळखीचा होता, त्यामुळे ऐकणाऱ्याला धोंडोपंत आणि पुलं वेगळे काढता येईनात.

पाठोपाठ व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करू लागले. माडगूळकरही आकाशवाणीचेच. मिरासदारांच्या गोष्टीत गाव बेरकी, मास्तर हतबल, आणि सांगणाऱ्याचा चेहरा मात्र कोरा. तो कोरा चेहराही आवाजातून कळायचा.

आमच्या घरी हे सगळं कॅसेटवर आलं. फीत अडकली की पेन्सिल खुपसून गुंडाळायची. ऐकून ऐकून हशाच्या जागासुद्धा पाठ झाल्या होत्या. वडील कायम रेकॉर्डिंगमधल्या हशाच्या अर्धा सेकंद आधी हसायचे, आणि आम्ही वडिलांना हसायचो.