पांढऱ्या अस्वलाचा आखूड होत चाललेला हंगाम

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, त्याच तारखेला जागतिक ध्रुवीय अस्वल दिन आणि दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. सांगली-मिरजेतल्या शाळांच्या प्रदर्शनांत तेव्हा थर्माकोलच्या टोकदार हिमनगावर बसलेलं पांढरं अस्वल पुष्कळदा दिसतं. मुलांनी ते मन लावून केलेलं असतं, पण हिमनग अस्वलाच्या कामाचा नाही. त्याला हवा गोठलेल्या समुद्राचा सपाट बर्फ. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो आणि अस्वल तिथं तासन्‌तास दबा धरून बसतं. उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती लागत नाही.

जुना धोका बंदुकीचा होता. सोव्हिएत संघानं १९५६ मध्ये शिकार बंद केली, पण अलास्कात हौशी शिकारी विमानातून माग काढत राहिले. अखेर १९७३ मध्ये ऑस्लोत कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघानं करार केला. मूळ रहिवाशांची पारंपरिक शिकार तेवढी चालू राहिली. विणीच्या जागा राखायचं कलमही त्यात आहे. पण बर्फ वितळवणारा कार्बन डायऑक्साइड पाच देशांच्या हद्दीत अडवता येत नाही.

आपल्याकडे कारखान्याचं गाळप नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतं. कॅनडाचा हडसन उपसागरही तेव्हाच गोठतो आणि जून-जुलैत मोकळा होतो. अस्वलाची खरी कमाई हंगामाच्या शेवटी होते: वसंतात सीलची पिल्लं चरबीनं भरलेली आणि अननुभवी असतात. नेमके हेच दिवस कापले गेलेत. १९८० च्या दशकाच्या मानानं तिथं बर्फाविना काढायचे दिवस तीन-चार आठवड्यांनी वाढले. किनाऱ्यावर अस्वल रोज साधारण १ किलो वजन गमावतं. फळं, अंडी खाऊन ते भरून येत नाही. गाभण मादीला तर आठेक महिने उपास घडतो. ती रोड राहिली की पिल्लं जगत नाहीत. उपसागराच्या पश्चिमेकडची अस्वलं २०१६ मध्ये अंदाजे ८४२ होती, २०२१ मध्ये ६१८.

उपाशी अस्वल मग वस्तीकडे वळतं. शिराळा-वाळव्यात उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या बिबट्याला गावाजवळ आणतात, तसंच हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरच्या चर्चिल गावच्या कचरा डेपोचं झालं होतं. तो २००५ मध्ये बंद केला. गावात शिरलेलं अस्वल आता पकडून कोठडीत ठेवतात. माणूस म्हणजे खाणं अशी सवय लागू नये म्हणून त्याला तिथं साधारणपणे फक्त पाणी देतात आणि पुढं गावापासून लांब नेऊन सोडतात.