गळक्या टाकीला रेझिन लावायचंय? आधी पॉलिएस्टर की इपॉक्सी ते बघा

निफाडला मामांच्या ट्रॅक्टरची डिझेल टाकी खालून पाझरायला लागली, टाकी धरून ठेवणारा पट्टा घासून घासून तिथला पत्रा पातळ झाला होता, म्हणून मी नाशकातून "फायबरचं रेझिन आणि हार्डनर द्या" म्हणून आणलं, वर काचतंतूंची मॅट चिकटवली आणि महिनाभरात तो पॅच पापडासारखा अख्खाच्या अख्खा सुटून हातात आला. दुकानदाराची काही चूक नाही, त्याने मी मागितलं तेच दिलं. रेझिन-हार्डनर या एकाच नावाखाली दोन पूर्ण वेगळ्या वस्तू मिळतात हे मला माहीत असायला हवं होतं.

मी आणलेलं होतं पॉलिएस्टर. फायबरच्या टाक्या, फायबरचे बंपर, पत्रे बहुतेक याचेच बनतात, स्वस्त पडतं, डबा उघडला की स्टायरिनचा (रेझिन पातळ ठेवणारा द्रव) उग्र वास नाकात जातो. यात हार्डनर अगदी थोडा, साधारण १ ते २ टक्के, कारण तो फक्त रिॲक्शन सुरू करून देतो, जरा जास्त पडला तर माल लवकर आवळतो एवढंच. (सोबत रिॲक्शनला वेग देणाऱ्या कोबाल्टची बाटली वेगळी दिली तर ती आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर.) पण पॉलिएस्टर सुकताना आकसतं आणि लोखंडाला त्याची पकड मुळातच कमी, म्हणून कडा उचलतात आणि डिझेल त्याखाली शिरतं.

इपॉक्सीचं गणितच वेगळं. इथे हार्डनर स्वतः रेझिनच्या रेणूंच्या साखळीचा भाग बनतो, त्यामुळे डब्यावर १:१, २:१ किंवा १००:१० जे लिहिलंय तेच वजन-माप पाळायचं, "लवकर सुकू दे" म्हणून जास्त ओतलात तर उलट चिकट-मऊच राहतं. वास कमी, आकसणं कमी, आणि घासलेल्या पत्र्याला घट्ट धरतं. महाग आहे, पण टाकीसाठी मी तरी हेच घेणार.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही, मॅटची. ती सुट्ट्या तंतूंची मॅट ज्या बाइंडरने धरलेली असते तो स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरिन नसतं, मग मॅट ताठच राहते आणि खाली हवा अडकते. इपॉक्सीबरोबर विणलेलं ग्लासचं कापड घ्या.

पेट्रोल टाकी असेल तर मात्र जपून. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते साध्या पॉलिएस्टरला मऊ करतं आणि साधी इपॉक्सीसुद्धा हळूहळू हार मानते, म्हणून इंधनाला चालेल असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या आणि तरीही तो पॅच नवी टाकी येईपर्यंतचा धरा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते, त्यामुळे ग्राइंडर नाही, वेल्डिंग तर नाहीच, साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवून पूर्ण वाळवायची आणि हाताने घासायची.

घासायचं म्हणजे ८० नंबरच्या पॉलिश पेपरने भोकाभोवती दोन इंच तरी चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. गंज घासताना भोक मोठं झालं तर होऊ द्या, तो पत्रा तसाही गेलेलाच होता. मग ॲसिटोनने पुसून, ते उडून गेलं की लगेच इपॉक्सीत भिजवलेल्या कापडाचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. जुना पॉलिएस्टरचा पॅच असेल तर तो पूर्ण खरवडून काढा, त्यावर इपॉक्सी लावली तरी खालची पकड कच्चीच राहते.

आणि घाई नको, थंडीत इपॉक्सी फार हळू सुकते आणि निफाडचा डिसेंबर तुम्हाला माहितीच आहे. दुसऱ्या वेळी आम्ही मामांची टाकी दिवसा अंगणात उन्हात ठेवायचो, रात्री गोणपाटात गुंडाळून पडवीत आणायचो, आणि आठव्या दिवशी डिझेल भरलं.