हॅरोचे गुजराती, क्षय आणि ‘ड’ जीवनसत्त्व

क्षयावर उन्हाचा आणि माशाच्या तेलाचा उपाय जुना. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात १८४९च्या सुमारास क्षयरोग्यांना कॉडलिव्हर तेल पाजत. कातडीच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार करणारे नील्स फिन्सेन १९०३ साली नोबेलचे मानकरी ठरले. ऊन आणि माशाचे तेल यांना जोडणारे ‘ड’ जीवनसत्त्व नंतर सापडले. पण पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचे जंतू मारणारे औषध आले आणि हा धागा सुटला.

तो पुन्हा हाती आला लंडनच्या हॅरो भागातल्या गुजराती वस्तीत. यांतली बरीच कुटुंबे पूर्व आफ्रिकेतून आलेली. त्यांच्यात क्षय जास्त, आणि ‘जंतू मायदेशातून आणले’ एवढ्यावर विषय मिटवणे सोपे होते. मला हे नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे, कारण कित्येक जण लंडनला आल्यावर काही वर्षांनी आजारी पडले. तिथे हिवाळ्यातल्या उन्हाने त्वचेत ‘ड’ जवळपास बनतच नाही, आणि शाकाहारी ताटात मासे-अंडी नाहीत.

रॉबर्ट विल्किन्सन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यांनी पश्चिम लंडनमधले गुजराती रुग्ण आणि क्षयाच्या जंतूशी शरीराची गाठ पडलेली, पण ठणठणीत असलेली माणसे यांची तुलना केली. ‘ड’ची कमतरता असलेल्यांत क्षयाची शक्यता सुमारे तिप्पट दिसली, ज्यांच्या रक्तात यंत्राला ‘ड’ सापडलेच नाही, त्यांच्यात जवळजवळ दहापट. ‘ड’ला प्रतिसाद देणाऱ्या व्हीडीआर या जनुकाचा क्षयाशी सरळ संबंध दिसला नाही. कमतरता आणि जनुकाची ठरावीक रूपे एकत्र आली, तेव्हा मात्र दिसला. माझ्या मते या साऱ्या संशोधनातली सर्वात मोलाची गोष्ट हीच. कोलकात्यात १९९९ साली याच जनुकाची वेगळी बाजू दिसली होती: त्याच्या एका रूपाचा संबंध ट्युबरक्युलॉइड (मर्यादित राहणाऱ्या) कुष्ठाशी लागला, तर दुसऱ्याचा लेप्रोमेटस (अंगभर पसरणाऱ्या) कुष्ठाशी.

‘ड’ कमी पडल्यावर क्षयाचे का फावते, ते २००६ साली लॉस एंजेलिसमध्ये कळले. जंतूची चाहूल लागताच पांढरी पेशी रक्तातले ‘ड’ आत ओढून कामाच्या रूपात आणते आणि कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन बनवते. ‘ड’ कमी असलेल्या रक्तद्रवात पेशीला ते नीट जमेना. वरून ‘ड’ घातल्यावर जमले.

लंडनमध्येच २०११ साली क्षयरुग्णांना औषधांसोबत ‘ड’चे मोठे डोस देऊन पाहिले. सगळ्यांचा मिळून ठळक फायदा नाही; पण व्हीडीआरच्या एका विशिष्ट रूपाच्या रुग्णांची थुंकी लवकर जंतुमुक्त झाली.

मग २०२० साली मंगोलियाचा निकाल आला. जंतूचा संसर्ग अजून न झालेल्या ८,८५१ शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना तीन वर्षे दर आठवड्याला ‘ड’ दिले. रक्तातली पातळी वाढली, संसर्ग घटला नाही. प्रत्यक्ष क्षय झालेली मुले दोन्ही गटांत मोजकीच निघाली. हॅरोचा प्रश्न मात्र वेगळा होता. तिथे जंतू दोन्ही बाजूंना पोचलेला होता; आजारी कोण पडते, एवढेच पाहायचे होते.