कॅल्क्युलेटर ईचा घात कसा काढतो?

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ईचा १० वा घात काढला की २२०२६.४६५८ हे उत्तर येतं. ई म्हणजे २.७१८२८... ही संख्या. ती दहा वेळा मांडून गुणाकार केला की झालं, असं वाटेल. पण घात ०.१ असला तर? कुठलीही संख्या ०.१ वेळा कशी मांडणार?

त्यासाठी ई आली कुठून ते पाहायला हवं. १६८३ मध्ये स्विस गणिती याकोब बर्नुली यांनी चक्रवाढ व्याजाचा एक प्रश्न हाताळला. एक रुपया द.सा.द.शे. १०० दराने ठेवला, तर वर्षाअखेरीस २ रुपये होतात. व्याज सहामाही धरलं तर २.२५, दरमहा धरलं तर २.६१३, रोज धरलं तर २.७१४६. मुद्दल हवी तितकी वाढत जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. क्षणोक्षणी व्याज धरलं तरी रक्कम २.७१८२८... च्या पुढे जात नाही. इथे दर क्षणाला वाढीचा वेग त्या क्षणाच्या रकमेइतकाच असतो. घातांकी फलनाचा, म्हणजे ईचा हवा तो घात देणाऱ्या नियमाचा, सगळा स्वभाव या एका गोष्टीत आहे.

आकडेमोडही तिथूनच सुटते. लेओनार्ड ऑयलर यांच्या १७४८ च्या ग्रंथात ही मालिका आहे: पहिलं पद १, दुसरं क्ष, आणि पुढचं प्रत्येक पद आधीच्या पदाला क्षने गुणून अनुक्रमे २, ३, ४... ने भागून मिळवायचं. सगळ्यांची बेरीज म्हणजे ईचा क्ष घात. या मालिकेतल्या १ चा वाढीचा दर शून्य असतो; पुढच्या प्रत्येक पदाचा वाढीचा दर काढला तर नेमकं त्याच्या आधीचं पद मिळतं. पदं एकेक घर मागे सरकतात आणि मालिका पुन्हा जशीच्या तशी उभी राहते. शाळेत सूत्र पाठ करून घेतात, पण हे क्वचितच दाखवतात, याची मला खंत वाटते.

क्ष ०.१ घेऊन बघा: १ + ०.१ + ०.००५ + ०.०००१६६६६७ + ०.०००००४१६७. बेरीज १.१०५१७०८३. खरं उत्तर १.१०५१७०९२. पाच पदांत सहा दशांश स्थळं बरोबर!

आता क्ष उणे १० घ्या. १, उणे १०, ५०, उणे १६६.६७... पदं फुगत जाऊन २७५५.७३२ पर्यंत चढतात आणि मग उतरू लागतात. सात अंकांपर्यंतच आकडेमोड केली तर एवढ्या मोठ्या पदात ०.०००५ पर्यंत चूक राहू शकते. खरं उत्तर आहे ०.००००४५४, म्हणजे त्या चुकीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. सूत्र अचूक असूनही हाती येणारं उत्तर निव्वळ कचरा असू शकतं. इथे साधा उपाय म्हणजे अधिक १० चा घात काढायचा आणि १ ला त्याने भागायचं.

संगणकावरची पद्धत बहुधा याहून चतुर असते. ईचा ०.६९३१४७१८ वा घात बरोबर २ येतो (पुढचे अंक सोडून). १० मध्ये हा आकडा १४ वेळा बसतो आणि ०.२९५९३९४८ उरतात. मालिका फक्त या उरलेल्या तुकड्यासाठी चालवायची. तुकडा लहान, म्हणून आठ पदांत १.३४४३८८७९ मिळतात. मग २ च्या १४ व्या घाताने, म्हणजे १६३८४ ने गुणायचं: २२०२६.४६५९. चौथ्या दशांश स्थळावरचा फरक आठ दशांशांवर थांबल्यामुळे पडला.

शेवटच्या गुणाकाराला संगणकाला जवळपास काहीच कष्ट पडत नाहीत. तो संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, साठवतो आणि २ चा घात त्यात वेगळाच लिहिलेला असतो. तिथे १४ मिळवले की काम झालं.