डायोड चालू की बंद? आधी ठरवा, मग तपासा

कृष्णाकाठच्या उपसा पंपांच्या पाइपाला तळाशी फूटव्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो पाणी वर जाऊ देतो, पण मोटार थांबली की खाली उतरू देत नाही. डायोड विजेच्या प्रवाहाला असाच एका दिशेनं जाऊ देतो. झडप उघडायला जसा थोडा दाब लागतो, तसे सिलिकॉन डायोड उघडायला साधारण 0.7 व्होल्ट लागतात. डायोडच्या अंगावर पट्टी असलेलं टोक म्हणजे कॅथोड, दुसरं अ‍ॅनोड. अ‍ॅनोड कॅथोडपेक्षा 0.7 व्होल्टनं वर गेला की करंट वाहू लागतो.

एवढं सगळ्यांना समजतं. डिप्लोमाची मुलं अडकतात ती पुढं, कागदावर सर्किट सोडवताना. रेझिस्टरचा हिशेब सरळ असतो: व्होल्टेज दुप्पट केलं की करंट दुप्पट. डायोडच्या बाबतीत मात्र तो चालू आहे की बंद हे कळल्याशिवाय समीकरणच मांडता येत नाही, आणि ते कळणार उत्तर काढल्यावर! यातून सुटायची रीत अशी: एक शक्यता बेधडक खरी धरायची, तिच्या आधारावर सर्किट सोडवायचं आणि आलेलं उत्तर त्या शक्यतेशी जुळतं का ते पाहायचं. चालू धरलेल्या डायोडच्या जागी 0.7 व्होल्टची बॅटरी आहे असं समजायचं; उत्तरात करंट अ‍ॅनोडकडून कॅथोडकडेच वाहायला हवा. बंद धरलेल्या डायोडच्या जागी तुटलेली वायर समजायची. तिथं सुलट दिशेचं व्होल्टेज 0.7 पेक्षा कमी निघायला हवं.

12 व्होल्टची बॅटरी, एक किलोओहमचा रेझिस्टर आणि एक डायोड एकामागोमाग जोडा. डायोड चालू धरला तर रेझिस्टरवर 12 वजा 0.7, म्हणजे 11.3 व्होल्ट उरतात आणि करंट येतो 11.3 मिलिअँपिअर. दिशा बरोबर, म्हणजे गृहीतही बरोबर. आता डायोड उलटा करा आणि तरीही चालूच धरा. करंट उणे 12.7 मिलिअँपिअर येतो. उलटा करंट डायोडमधून वाहूच शकत नाही, म्हणून डायोड बंद. रेझिस्टरमधून काही जात नाही आणि पूर्ण 12 व्होल्ट डायोडवरच उलटे पडतात.

या रितीची खरी गंमत दोन डायोड आले की कळते. समजा, शेतातल्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमधलं कार्ड लाइट गेल्यावरही चालू ठेवायचं आहे. एका बाजूला 14 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, दुसऱ्या बाजूला 12.4 व्होल्टची बॅटरी. दोन्हींच्या प्लसला एकेका डायोडचा अ‍ॅनोड लावून त्यांची कॅथोडची टोकं एकत्र करून कार्डाला दिली. करंट कुठून येईल?

दोन्ही डायोड चालू धरले तर कार्डावर एकाच वेळी 13.3 आणि 11.7 व्होल्ट हवेत, जे अशक्य आहे. दोन्ही बंद धरले तर कार्डावर शून्य व्होल्ट येतात आणि दोन्ही डायोडांवर भरपूर सुलट व्होल्टेज पडतं; हेही खोटं. फक्त बॅटरीचा चालू धरला तर कार्डावर 11.7, पण मग अ‍ॅडॉप्टरच्या डायोडवर 2.3 व्होल्ट सुलट पडतात, तो बंद राहील कसा? उरली चौथी शक्यता. अ‍ॅडॉप्टरचा चालू, कार्डावर 13.3, आणि बॅटरीच्या डायोडवर 0.9 व्होल्ट उलटे. सगळं जुळलं. लाइट गेली की अ‍ॅडॉप्टरचं व्होल्टेज पडतं, तोच हिशेब बॅटरीच्या बाजूनं लागतो आणि कार्ड न थांबता बॅटरीवर येतं. मला हे सर्किट फार आवडतं. मध्ये ना रिले, ना स्विच, ना प्रोग्राम.

0.7 हा आकडा मात्र दगडावरची रेघ नव्हे. आदर्श डायोडात करंट दहापट व्हायला खोलीच्या तापमानाला जेमतेम 60 मिलिव्होल्ट जास्त लागतात. व्होल्टेज इतकं कमी हलतं म्हणूनच ते कायम धरून चालतं. एक अँपिअर वाहू लागला की 1एन4007 या नेहमीच्या सिलिकॉन डायोडवर एक व्होल्टच्या आसपास ड्रॉप मिळतो. तापमान वाढलं की तेवढ्याच करंटला लागणारं व्होल्टेज दर अंशामागे सुमारे 2 मिलिव्होल्टनं उतरतं. शॉटकी या धातू-सिलिकॉन जोडाच्या डायोडाला 0.3 व्होल्टच्या आसपास पुरतात, म्हणून वरच्या सर्किटमध्ये जास्त करंट असेल तर तोच लावावा. फुकट जाणारी उष्णता कमी होते.

पॉवर सप्लायमध्ये एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमध्ये चार डायोड असतात, पण एका वेळी दोनच चालू. इथं चूक होते ती ट्रान्सफॉर्मरच्या आकड्यात. 12 व्होल्ट एसी म्हणजे आरएमएस, तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतकं व्होल्टेज. शिखर 17 च्या जवळ. त्यातून दोन डायोडांचे 1.4 वजा केले की कंडेन्सरवर 15.6 व्होल्ट चढतात. म्हणून तिथं 16 व्होल्टचा कंडेन्सर लावू नये, 25 चा लावावा.

हीच रीत सौर पंपाच्या पॅनेललाही लागू पडते. 60 सेलच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये वीस-वीस सेलचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड उलटा जोडलेला असतो. ऊन असताना तो बंद. समजा, एका गटातल्या एका सेलवर नारळाच्या झावळीची सावली पडली. तो सेल 2 अँपिअरच देऊ शकतो आणि बाकीचे दोन गट 8 अँपिअर ढकलताहेत. बायपास बंदच धरला तर सावलीतल्या सेलवर मोठं उलटं व्होल्टेज साठतं, पूर्ण गटाचं व्होल्टेज उणे होतं आणि त्यामुळे बायपासवर सुलट व्होल्टेज येतं. म्हणजे गृहीत मोडलं. डायोड चालू होतो, जादा 6 अँपिअर त्यातून जातात, सेल जळण्यापासून वाचतो आणि त्या वेळी पॅनेल दोन गटांवर चालतं.

हा डायोडच शॉर्ट झाला तर मात्र तो गट कायमचा बाद. काहीही न जोडलेल्या पॅनेलचं व्होल्टेज सेलमागे 0.6 धरून 36 च्या आसपास मिळायला हवं. स्वच्छ उन्हात, कुठंही सावली नसताना मीटर 24 दाखवत असेल, तर आधी मागच्या जंक्शन बॉक्समधला डायोड तपासायला सांगा. हे काम जाणकाराकडूनच, पॅनेल बाकीच्या रांगेपासून सोडवून करून घ्या, कारण पंपाच्या पूर्ण रांगेत शेकडो व्होल्ट डीसी असतात. डायोडचं एक टोक सुटं केल्याशिवाय मीटरचा आकडा खरा मानू नका; जोडलेला असताना सेलही मीटरच्या वाटेत येतात.